सी विंगचा ट्यूनर

रविवारी सकाळपासून हॉलमध्ये पियानोचा एकच सूर वाजत होता. टण्. टण्. मग चावी पिळल्याची कुरकुर, आणि पुन्हा टण्. जयंती स्वयंपाकघरात डाळिंब्या सोलत बसली होती.

"अहो, चहा टाकू का?"

टण्.

"अहो, चहा!"

टण्, टण्.

"नको ना? बरं. मग पिते मीच, तुमच्या वाटणीचासुद्धा."

एकटीने बोलायची आता तिला सवय झाली होती. आधी तिला वाटायचं, हा माणूस मुद्दाम कान बंद करतो. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढी कला प्रत्येक नवऱ्याला येतेच. मग एकदा कुकरच्या शेजारी पेपर वाचत बसलेल्या बाळरावांच्या नाकासमोर शिट्ट्या होऊन होऊन डाळ करपली. मग दारावरची चिमणीची बेल वाजवून वाजवून कुरिअरवाला परत गेला, आणि बाळराव दाराला लागूनच खुर्ची टाकून बसलेले! तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. जाड आवाज त्यांना ऐकू यायचे. जावयाचा यायचा, वॉचमनचा यायचा, टेम्पोच्या हॉर्नचा यायचा. बारीक आवाज तेवढे गेले होते. आणि जयंतीचा आवाज पहिल्यापासून बारीक. लग्नात तिने घेतलेलं नाव मांडवातल्या दुसऱ्या रांगेलाही ऐकू गेलं नव्हतं.

कान तपासून घ्या म्हटलं की उत्तर ठरलेलं. "कानात मशीन घालून पियानो लावणारा माणूस पाहिलायस कुठे? हसतील लोक पोरांना."

आज पोरं जेवायला येणार होती, आणि ओजस बापाला सांगणार होता की त्यांच्या बँडच्या शनिवारच्या, बीकेसी मैदानावरच्या कार्यक्रमाला पियानो न्यायचा नाही, आणि बाबांनीही यायची गरज नाही. पुढच्या दौऱ्यालाही नाही. आईला त्याने फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं. जयंतीला वाईट वाटायला हवं होतं. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजसुद्धा वाटली नाही. किती वर्षं सुट्टीच्या दिवशी हा माणूस त्या लाकडी धुडाच्या मागे टेम्पोत बसून निघून गेला होता. जसजसा बँड मोठा झाला तसतसं घर रिकामं झालं. सोसायटीतल्या बायका थांबवून म्हणायच्या, "काकू, काय झकास चाललंय ना तुमच्याकडे!" जयंती हसायची, आणि वर येऊन दोन माणसांचा कुकर लावायची.

बँडचं काम सुटलं तर हा माणूस कानात मशीन घालेल. मशीन घातलं तर माझं बोलणं ऐकेल. इतका सरळ हिशेब होता तिचा.

खाली, लिफ्टच्या दारात, बहीण-भावाचं जुंपलं होतं.

"हे आजच वर न्यायचंय का?" रेवतीने विचारलं. तिच्या नवऱ्याच्या, सुशांतच्या, खांद्यावर ओजसच्या नव्या कीबोर्डचं लांबलचक खोकं होतं.

"दाखवल्याशिवाय त्यांना कसं पटणार?"

"दाखवलं की पटेल? ओज्या, बाबांना काय सांगणार आहेस तू? की आता तुमच्या जागी हे खोकं?"

"असं कोण म्हणतंय? इव्हेंटवाले म्हणतात पियानो चढवायला-उतरवायला वेळ जातो. आज पुणे, उद्या इंदूर, कसं करणार? त्यांचंही बरोबर आहे ना. एवढंच सांगायचं. आई काहीही म्हणू दे, कानाबिनाचं काही काढायचं नाही."

"मग येऊ देत ना त्यांना. पियानोही येऊ दे. मी करते ना मागून."

"किती दिवस करशील, यार?"

सुशांत खोकं दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाला, "माका ह्याच्यात घेव नको. मी आपलो जेवणार." एरवी तो चांगलं मुंबईचं मराठी बोलायचा. अडचणीत आला की त्याला मालवण आठवायचं.

मुळात ही सगळी भानगड एका चुकीतून उभी राहिली होती. गोराईच्या एक पियानो शिकवणाऱ्या बाई लेकाकडे कॅनडाला कायमच्या निघाल्या, तेव्हा बाळरावांनी त्यांचा पियानो होडीत घालून खाडीपलीकडून बोरिवलीला आणला. पियानो लावायला माणूस बोलवायचा असतो हे त्यांना पटलं नाही. जन्मभर ऑफिसात ड्रॉइंगं काढलेला माणूस, त्यांना सगळं आपल्या हाताने करायचं असतं. त्यांनी कुठून तरी तारा पिळायची चावी पैदा केली, घरातली पेटी समोर ठेवली, आणि एकेक सूर पेटीशी मिळवत अख्खा पियानो लावून टाकला. पेटी त्यांच्या वडिलांच्या भजनी मंडळातली. ती कधीचीच उतरलेली होती, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे पियानोही साऱ्या जगाच्या सुरापेक्षा जरासा खाली लागला. ओजसचा गळा त्याच सुरात तयार झाला. रेवतीने बास गिटार घेतली तीही त्याच सुरात उतरवली. बी विंगमधल्या सुशांतला ड्रम वाजवायचे होते, त्याचं कशानेच अडलं नाही. आणि चूक कळेपर्यंत गाणी होऊन बसली होती.

बाहेरच्या कुठल्याच वाद्याशी त्यांचं जमेना. म्हणून कार्यक्रम असेल तिथे पियानो टेम्पोत घालून न्यायचा, आणि पियानो आला म्हणजे तो लावायला बाबा आलेच. सोसायटीचं गॅदरिंग, कॉलेजं, मुलुंडचा हॉल, घाटकोपरची नवरात्र. वांद्र्याच्या एका कॅफेच्या दारातून पियानो आत जाईना, तेव्हा फुटपाथवरच वाजवला. तो व्हिडिओ पसरला आणि 'सी विंग' हे बँडचं नाव नाही, तरी 'ते पियानोवाले' म्हणून लोक ओळखायला लागले. हळूहळू, फार हळूहळू. मधली कित्येक वर्षं तर पुढच्या दोन रांगांत नातेवाईकच असायचे.

आणि गेल्या वर्षीपासून बाबांचे वरचे सूर चुकायला लागले. खालचे अगदी चोख, वर गेलं की आंबट. पहिल्यांदा रेवतीला वाटलं तारा जुन्या झाल्या. मग तिला कळलं. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाआधी बाबा काम संपवून वडापाव खायला बाहेर गेले, की ती पडद्यामागे बसून वरचे सगळे सूर पुन्हा लावायची. बाबांनीच शिकवलेल्या हाताने. बाबा परत यायचे, पियानोच्या पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "लागलाय बघ कसा." ती म्हणायची, "एक नंबर, बाबा." स्टेजवर गेल्यावर हजार माणसांसमोर तिला फार एकटं वाटायचं. हे तिने सुशांतलाही कधी नीट सांगितलं नव्हतं.

"चल," ती ओजसला म्हणाली. "पण माझ्याच्याने नाही होणार. तूच बोल."

जेवणं आधी होतील असं जयंतीने ठरवलं होतं. पण खोकं बाळरावांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

"हे काय आणलंस रे?"

"कीबोर्ड आहे बाबा. नवीन."

"घरात पियानो असताना?"

ओजसने एकदा बहिणीकडे, एकदा आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, बोल म्हणून. लहानपणी प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला पाठवायची तेव्हा हलवायची तशीच.

"बाबा, शनिवारी हाच वाजवणार आहे. दौऱ्यावर पण हाच. पियानो फिरवणं आता नाही जमणार, म्हणतात ते."

"कोण ते?"

"इव्हेंटवाले."

"त्यांना सांगितलंस का, आपला सूर वेगळा आहे म्हणून? ह्या असल्या बाजारच्या खोक्यात कुठून येणार तो?"

"येतो, बाबा." ओजसच्या आवाजात थोडा उत्साह आला. बापाला आवडेल असं काहीतरी आणल्यासारखं वाटत होतं त्याला. "आपल्या पियानोची प्रत्येक पट्टी रेकॉर्ड करून ह्याच्यात टाकलीय. हे बटण दाबलं की तुमचाच सूर. हे बघा, नाव काय ठेवलंय." काचेच्या छोट्या चौकोनात अक्षरं उजळली. बाबा.

बाळरावांनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं.

"म्हणजे मला कामच नाही," ते म्हणाले.

"काम नाही असं नाही..."

"अरे, बटण दाबलं की मी येणार ना? मग मी कशाला यायला हवं?" ते हसले. कोणीच हसलं नाही. "शनिवारी मी टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय. त्याला नको म्हणून सांगावं लागेल."

"अहो, राहू दे तो टेम्पोवाला," जयंती म्हणाली. त्यांना ते ऐकू गेलं नाही.

बाळराव खुर्ची ओढून कीबोर्डपुढे बसले. बघू तरी आपली सवत कशी आहे ती, असं काहीतरी पुटपुटले. डाव्या हाताने त्यांनी खालची एक पट्टी दाबली, आणि दचकले. खरंच त्यांचाच पियानो होता. गोराईहून आणलेला, त्यांच्या पेटीच्या सुरातला. एवढ्याशा खोक्यातून! मग ते एकेक पट्टी दाबत उजवीकडे सरकत गेले. मधल्या पट्ट्या वाजल्या. त्याच्या पुढच्या जरा लांबून वाजल्या. मग ठक. ठक. नुसता प्लास्टिकचा ठक.

गेले कित्येक महिने त्यांच्या पियानोचं असंच होत होतं. वरच्या पट्ट्यांना आवाजच राहिला नव्हता. आतल्या हातोड्यांचा नमदा, तो लोकरीचा जाड थर, झिजलाय, हे त्यांचं निदान. दिवाळीनंतर सगळा नमदा बदलायचा असं त्यांनी ठरवलंही होतं. तोवर तारांच्या थरथरीवर बोट ठेवून, अंदाजाने, सवयीने ते काम भागवत होते. आणि पोरं म्हणत होती, एक नंबर, बाबा.

त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. ठक. आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अरे, हे बिघडलेलं दिलंय तुला!" ते जवळजवळ ओरडलेच. "वरच्या पट्ट्या वाजतच नाहीत ह्याच्या! बघ, बघ!" त्यांनी दोन्ही हातांनी वरच्या पट्ट्या बडवल्या. "परत कर हे. शनिवारी फजिती होईल. बरं झालं घरी आणलंस. टेम्पो राहू दे तसाच, आपला पियानोच नेऊ."

हॉलभर ते बारीक, आंबट सूर घणघणत राहिले. सुशांतने जमिनीकडे पाहिलं. जयंती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आज खरं काय ते सांगून टाका म्हणून आठवडाभर फोनवर भांडणारी ती, पण आता ती नुसती कोरडे हात पुसत राहिली.

"वाजतायत, बाबा," रेवती म्हणाली.

"काय?"

ती त्यांच्या शेजारी येऊन गुडघ्यावर बसली. "वाजतायत सगळ्या. आम्हाला ऐकू येतायत."

बाळरावांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग घरच्यांना सोडून जावयाला विचारलं. "सुशांत, तू खोटं बोलणार नाहीस. वाजतायत?"

"हो, बाबा," सुशांत म्हणाला.

खाली कोणाची तरी गाडी रिव्हर्स घेत होती. बाळरावांनी एक बोट वरच्या पट्टीवर ठेवलं, हलकेच दाबलं, आणि पट्टीकडे न बघता रेवतीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिच्या डोळ्यांत सूर दिसतो का ते शोधत असावेत.

"म्हणजे पियानोचंही तेच. नमदा ठीक आहे."

"हो."

"मग कार्यक्रमात वरचे सूर लागायचे कसे?"

रेवती रडायलाच लागली. "मी लावायचे. तुम्ही वडापाव खायला गेलात की. सॉरी बाबा. तुम्हाला सांगायचं होतं, पण तुम्ही इतके खूश असायचात ना..."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"आणि 'लिफ्ट बंद आहे'?"

'लिफ्ट बंद आहे' हे त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं. रात्रपाळीहून आलेला एक माणूस जिने चढतोय, वर कोणी वाट बघणारं नाही, एवढंच त्यात. त्या गाण्याने 'सी विंग'ला घराघरात नेलं होतं. रिक्षात वाजायचं, लग्नाच्या व्हिडिओत वाजायचं, लोकांच्या फोनवर वाजायचं. आणि सोसायटीच्या बाकड्यावर बसून बाळराव सगळ्यांना सांगायचे, गाणं त्याचं, सूर माझा.

"ते तुम्हीच लावलेलं," रेवती म्हणाली. "मी आणि सुशांत मालवणला होतो तेव्हा. तुम्ही आणि ओज्याच होतात पियानोपाशी. ओज्याने तसंच रेकॉर्ड करून टाकलं."

"म्हणजे चुकलेलं."

"लोकांना तेच आवडलं ना, बाबा!" ओजस मधे पडला. "ते वरचे सूर जरा हलल्यासारखे लागलेत, त्यानेच तर काळजात कालवतं म्हणतात सगळे. ह्याच्यातही मी तसेच ठेवलेत. मुद्दाम."

बाळरावांनी मान हलवली. समजलं, अशी. "जे बरोबर लागलं ते हिचं," ते म्हणाले. "आणि माझं म्हणून जे गाजलं ती माझी चूक. बरं."

ते उठले. पियानोच्या टपावर ठेवलेली चावी त्यांनी फडक्यात गुंडाळली आणि कपाटात नेऊन ठेवली. जयंती त्यांच्या मागोमाग आतल्या खोलीत गेली. अगदी जवळ जाऊन, होता नव्हता तेवढा आवाज काढून ती म्हणाली, "आता तरी कान तपासून घेऊ. उद्याच जाऊ. मशीन घालायला आता काय हरकत आहे?"

हे त्यांना ऐकू गेलं.

"आता कशाला?" ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, खरोखरच विचारत होते ते. "आता कोणासाठी ऐकायचं?"

"माझ्यासाठी," जयंती म्हणाली. पण तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा झाला होता.

"काय?"

"काही नाही. पानं घेतलीत. या."

जेवताना सगळे डाळिंब्यांच्या उसळीबद्दल बोलले. जरा जास्तच बोलले.

शनिवारी संध्याकाळी ओजसने गाडी पाठवली. बाळराव यायचं नाही म्हणत होते. तिथे माझं काय काम, हे त्यांचं चार वेळा म्हणून झालं. जयंतीने ठेवणीतली नारायणपेठ नेसली आणि चपला घालून दारात उभी राहिली. काही न बोलता नुसती उभी राहिली, तेव्हा मात्र ते उठले. हे तिला आधी सुचलं असतं तर कितीतरी घसा वाचला असता.

बीकेसीचं मैदान गच्च भरलं होतं. माणसंच माणसं. त्यांना पुढच्या खुर्च्या दिल्या होत्या. शेजारी कोणी ओळखीचं नव्हतं, आणि तिला आठवलं, पूर्वी पुढच्या रांगेत सगळे आपलेच असायचे. बाळराव अवघडून बसले होते. इतक्या वर्षांत त्यांनी मुलांचा एकही कार्यक्रम समोरून पाहिला नव्हता. पडद्यामागून त्यांना ओजसची पाठ दिसायची, रेवतीची वेणी दिसायची. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. खिसे चाचपून झाले, चष्मा पुसून झाला.

"पाणी हवं का?" तिने विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही.

दिवे गेले. हजारो माणसांचा गलका एकदम उठला आणि एकदम बसला. मोठ्या पडद्यावर ओजसचा चेहरा आला, डोळे मिटलेला. ओळखीचा असूनही लांबचा वाटला तिला तो. त्याने उजवा हात उचलून अगदी कडेच्या पट्ट्यांवर ठेवला.

'लिफ्ट बंद आहे' तिथूनच सुरू होतं. नुसता उजवा हात, नुसते वरचे सूर, बारीक, जरासे आंबट, एकामागून एक. दुसरं काही नाही. एवढ्या मैदानात कोणी खोकलंसुद्धा नाही. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने तोंडावर हात दाबून धरला. हे गाणं जयंतीने भांडी लावताना, भाजी निवडताना शंभरदा ऐकलं होतं. आज पहिल्यांदाच तिला कळलं की हा तिच्या नवऱ्याचा न ऐकू येणारा कान आहे, आणि एवढी माणसं श्वास रोखून तो ऐकतायत.

बाळराव मान पुढे काढून स्टेजकडे बघत होते. मग ते तिच्याकडे झुकले.

"सुरू झालं का गं?"

खरं बोला, त्यांना खरं सांगा, म्हणून सगळ्यांशी भांडलेली बाई ती. तिने त्यांचा हात धरला. त्यांच्या कानाशी तोंड नेलं, आणि जमेल तेवढा जाड आवाज काढून म्हणाली, "नाही अजून. लावून बघतोय."

"असं होय." त्यांनी समाधानाने मान डोलावली. "बघू दे. नीट लावू दे. घाई करून चालत नाही."

"नाही ना," ती म्हणाली.

वरचे सूर एकटेच जिने चढत राहिले. ती त्यांचा हात धरून बसली. तिला ते संपू नयेत असंही वाटत होतं आणि लवकर संपावेत असंही. मग स्टेजवर ओजसचा डावा हात खाली आला, मागून रेवतीची बास गिटार आली, सुशांतचा पहिला ठोका आला, आणि खुर्चीच्या लाकडापर्यंत मैदान हललं.

बाळराव ताठ बसले. त्यांनी तिचा हात घट्ट दाबला, आणि तिला माहीत नसेल म्हणून हळूच सांगितलं, "आता. आता सुरू झालं बघ."

"हो," जयंती म्हणाली.